मायक्रोफिश घरच्या घरी कशी वाचावी

काका गेल्यानंतर चार महिन्यांनी काकूंनी इंग्लंडमधल्या लेस्टरहून एक जाड पाकीट पाठवलं. आत पोस्टकार्डाएवढी सहा काळपट पारदर्शक कार्डं, प्रत्येक वेगळ्या कागदी खिशात. वरच्या कडेला डोळ्यांनी वाचता येईल अशा अक्षरांत शीर्षक, आणि खाली चिमुकल्या चौकोनांच्या रांगा, प्रत्येक चौकोन म्हणजे एखाद्या पानाचा अगदी लहान केलेला फोटो. पाकिटावर काकांच्या अक्षरात एवढंच : ‘बेळगाव. अण्णांचे आजोबा?’

“मायक्रोफिश आहेत,” मी आईला सांगितलं.

“वाळवून पाठवल्यात का?” आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

आमचं मूळ बेळगावकडचं. अण्णांचे आजोबा मिशनच्या शाळेत शिकवायचे, ही घरातली ऐकीव गोष्ट; कागद एकही नाही. काका निवृत्तीनंतर तो कागद शोधत होते. तिथल्या वाचनालयात फिश मोठ्या करून दाखवणारं जुनं रीडर यंत्र होतं तोवर त्यांचं बरं चाललं, मग ते यंत्र भंगारात गेलं आणि फिश घरात पडून राहिल्या. माझ्याकडे पुण्यात यंत्र नव्हतं आणि तसं वाचनालयही माहीत नव्हतं. एका मोठ्या ग्रंथालयात यंत्र असल्याचं कळलं म्हणून गेलो, तर त्याचा दिवा केव्हाचा गेलेला आणि वर टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवलेली. त्यानंतर घरीच जे खटाटोप केले, त्यातलं काय चाललं आणि काय फसलं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी एक संध्याकाळ नुसता शोध घ्या

फिश हातात आली की लगेच भिंग शोधावंसं वाटतं. ते थांबवा. तुमच्या हातातलं पान आधीच कुणीतरी डिजिटल करून ठेवलेलं असण्याची शक्यता आज बरीच आहे.

पहिला थांबा फॅमिलीसर्च, पूर्वजांच्या नोंदी शोधायचं संकेतस्थळ. ते चालवणाऱ्या, अमेरिकेतल्या युटामधल्या मॉर्मन चर्चने १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांची मायक्रोफिल्म (तशीच बारीक पानं, पण फिल्मच्या लांब रोलवर) काढली. सुमारे २४ लाख रोल सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत आहेत. हे रोल पूर्वी टपालाने जवळच्या केंद्रात मागवता यायचे. ती सोय २०१७ मध्ये बंद झाली आणि २०२१ मध्ये त्या रोलांचं डिजिटायझेशन पूर्ण झालं. खातं मोफत आहे. नाव टाकून शोधू नका, कारण बहुतेक नोंदींची नावनिशी सूची झालेलीच नाही. कॅटलॉगमध्ये जागेचं नाव टाका किंवा फिल्मचा क्रमांक माहीत असेल तर तो. नोंदीपुढे कॅमेऱ्याचं चित्र दिसलं तर पानं घरी उघडतात. कॅमेऱ्यावर किल्ली असेल तर काही बंधन आहे, बहुधा त्यांच्या केंद्रात जाऊनच बघावं लागतं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी चित्रित केल्या आहेत. घरातलं कुणी कधी अस्थी घेऊन तिकडे गेलं असेल तर ही वाट विसरू नका.

दुसरा थांबा लंडनची ब्रिटिश लायब्ररी. इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्याच्या) कागदांत मुंबई इलाख्याचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांची विवरणपत्रं ‘एन ३’ या खुणेखाली आहेत. त्यांची डिजिटल प्रत फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येते. त्यात नावं मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांची, त्यामुळे आमच्यासारख्यांना तिथे फार काही सापडत नाही. आपल्याकडच्या कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ चाळून बघावं.

जनगणनेबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ब्रिटनमध्ये जुन्या जनगणनेत घरोघरची नावं वाचता येतात, तशी आपल्याकडे मिळत नाहीत. इंग्रजी अमदानीतल्या जनगणनेचे अहवाल फिशवर निघाले आहेत, पण त्यात आकडे, जाती, व्यवसाय, तक्ते. पणजोबांचं नाव त्यात नसतं.

माझ्या सहा फिश मात्र कुठेच सापडल्या नाहीत. त्या होत्या लंडन मिशनरी सोसायटीच्या पत्रव्यवहाराच्या. १७९५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मूळ कागद आता लंडनच्या सोआस या संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. बेळगावात त्यांचं काम १८२० मध्ये सुरू झालं. शोधताना मी एक आठवडा फुकट घालवला, कारण ‘मुंबई’ या मथळ्याखाली बघत होतो. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे कागद मुंबईत, हे माझं गणित. मिशनच्या दप्तरात बेळगाव ‘दक्षिण भारत, कॅनरीज’ (म्हणजे कन्नड) या कप्प्यात आहे. सरकारी हद्दी आणि संस्थेच्या हद्दी जुळतातच असं नाही, हे कुठल्याही दप्तरात शिरताना ध्यानात ठेवा.

हातातली फिश ओळखा

प्रमाण मायक्रोफिश १४८ बाय १०५ मिलिमीटर, म्हणजे ए-६ कागदाएवढी. पुस्तकं आणि पत्रं असलेल्या फिशवर साधारणपणे १४ उभे स्तंभ आणि ७ आडव्या ओळी, एकूण ९८ चौकटी असतात. ओळींना ए ते जी अशी अक्षरं आणि स्तंभांना १ ते १४ आकडे. म्हणजे ‘डी ९’ म्हटलं की कुठली चौकट ते ठरलं. संगणकातून थेट छापलेल्या सूचींच्या फिशवर (मॉर्मन चर्चची मोठी नामसूची अशीच १९८० च्या दशकात वाचनालयांत पोचली) चौकटी २०० च्या वर असतात आणि बहुतेक वेळा खालच्या उजव्या कोपऱ्यात त्या फिशची अनुक्रमणिका असते. वाचायला सुरुवात तिथून करा, अर्धा तास वाचतो.

फिश कशाची बनली आहे हेही बघा, कारण प्रकाश कसा द्यायचा ते त्यावर ठरतं. तीन प्रकार भेटतात. चांदीची फिल्म काळी-करडी असते, तिची एक बाजू चकचकीत आणि दुसरी जराशी निस्तेज. निस्तेज बाजूवर चित्राचा थर असतो, तिथे नखसुद्धा लागू देऊ नका. दुसरी डायझो, निळसर किंवा जांभळट. ओरखड्यांना ती दाद देत नाही, पण जोरदार उजेडात तासन्‌तास ठेवली तर फिकी पडते. तिसरी व्हेसिक्युलर, करडी किंवा फिकट बदामी. हिच्यातलं चित्र रंगाचं नसून प्लास्टिकमधल्या सूक्ष्म बुडबुड्यांचं असतं. ती तापली की बुडबुडे बिघडतात आणि मजकूर कायमचा जातो.

खिसा उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर जुनी अ‍ॅसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी काढा आणि आधी तिचेच फोटो काढा. हा रोग शेजारच्या फिल्मलाही लागतो.

एक भागाकार, मग खरेदी

माझे पहिले तीन हजार रुपये वाया गेले ते हा भागाकार न केल्यामुळे.

९८ चौकटींच्या फिशवर मूळ पान बहुधा २४ पट लहान केलेलं असतं. ए-४ पान २९७ मिलिमीटर उंच. २४ ने भागलं की सव्वाबारा-साडेबारा मिलिमीटर. पत्रातलं २ मिलिमीटर उंचीचं अक्षर फिशवर जेमतेम ०.०८ मिलिमीटर उरतं. संगणकी सूचींच्या फिशवर हे प्रमाण ४२ किंवा ४८ पट असतं, म्हणजे अक्षर आणखी निम्मं. प्रमाण कुठेच लिहिलेलं नसेल तर पट्टीने चौकट मोजा, मूळ पान अंदाजे किती मोठं असेल ते ठरवा आणि भागा.

आता साधन कुठलंही असो, एकच प्रश्न विचारायचा : मूळ कागदावरच्या २ मिलिमीटर अक्षराला चित्रात किती पिक्सेल मिळणार? माझ्या डोळ्यांचा अनुभव असा की वीसच्या आसपास मिळाले तर आरामात वाचता येतं, पंधराला चालतं, दहाला डोळे ताणावे लागतात, सातला आपण वाचत नसतो, अंदाज बांधत असतो. छापील मजकूर थोड्या पिक्सेलात भागतो. टाकाने लिहिलेल्या घाईच्या इंग्रजी पत्राला जास्त लागतात. मोडी असेल तर त्याहून जास्त, कारण मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरं तिला लटकवलेली असतात. पिक्सेल कमी पडले की रेघ तेवढी उरते आणि अक्षरं तिच्यात बुडतात.

खालून उजेड

फिश वाचायची म्हणजे तिच्यातून आरपार येणारा सारखा, पांढरा, थंड उजेड हवा. चित्रकलेच्या दुकानात ट्रेसिंगसाठी एलईडीचं सपाट पॅड मिळतं, ए-५ किंवा ए-४ आकाराचं. तेवढं पुरतं. माझ्या मुलीचं चित्रकलेचं पॅड मी पहिले दोन महिने चोरून वापरलं.

पॅड नसेल तर टॅब्लेट किंवा जुना फोन पांढरा पडदा लावून, उजेड पूर्ण वाढवून वापरता येतो. इथे सगळेच एक चूक करतात, मीही केली : फिश थेट काचेवर ठेवली. फोटोत मजकुराच्या मागे जाळीच जाळी. ती पडद्याच्या पिक्सेलांची असते. फिश पडद्यापासून दोन-तीन सेंटीमीटर वर उचला. काडेपेटीच्या चार डब्या चार कोपऱ्यांत आडव्या ठेवून त्यावर फोटोफ्रेमची काच, काचेवर फिश. एका डबीची उंची कमी वाटली तर दोन रचा. पडदा धूसर होतो, जाळी जाते.

फिश वाकडी असेल तर वरून दुसरी काच ठेवावीशी वाटते. मग इंद्रधनुष्यासारखी कडी दिसू लागतात. काच आणि फिल्मच्या मधल्या पातळ हवेमुळे ती पडतात. उपाय सोपा : काळ्या पुठ्ठ्याला चौकटीपेक्षा जरा मोठी खिडकी कापा आणि काचेऐवजी तो पुठ्ठा फिशच्या कडांवर दाबा. बाजूचा फालतू उजेडही अडतो आणि चित्र जास्त ठसठशीत येतं.

व्हेसिक्युलर फिशचा नियम उलटा आहे. तिचे बुडबुडे उजेड विखुरतात, म्हणून पसरट पॅडवर ती फिकी आणि धुरकट दिसते. तिच्यासाठी पॅड बंद करा. काचेखाली हातभर अंतरावर एक छोटा एलईडी दिवा ठेवून त्याचा सरळ उजेड काचेतून वर येऊ द्या. काळा-पांढरा फरक एकदम वाढतो. माझ्या सहांपैकी दोन फिश अशा होत्या आणि हे कळेपर्यंत मी त्या ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवल्या होत्या.

साधनं : स्वस्तापासून वर

भिंग. घड्याळजी किंवा जवाहिऱ्याकडचं १० पटीचं भिंग घरात असेल तर शीर्षकं, पानांचे आकडे, कोरी पानं कुठली, एवढं कळतं. मजकूर नाही. २४ पट लहान केलेलं अक्षर १० पटीने मोठं केलं तरी मुळाच्या निम्म्याहून लहानच राहतं. २५–३० पटीची भिंगं मिळतात, पण त्यांतून एका वेळी दोन-चार शब्द दिसतात आणि दहा मिनिटांत मान धरते. निवड करण्यापुरतं भिंग ठेवा.

फोन आणि चिमट्याची मॅक्रो लेन्स. सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. फोनवर अडकवायची लेन्स काही शे रुपयांत येते. १२ मेगापिक्सेलच्या फोनच्या चित्राची रुंदी साधारण ४००० पिक्सेल. त्यात फिशचा २० मिलिमीटर भाग आला तर मिलिमीटरला २०० पिक्सेल. २४ ने भागले की मूळ कागदाच्या मिलिमीटरला आठ, म्हणजे अक्षराला सोळा. हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात स्वस्त लेन्सच्या कडा धूसर येतात, म्हणून मधला भागच कामाचा. फोन हातात धरू नका. स्टीलचा उंच डबा किंवा दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या, त्यावर आडवी काच, काचेवर फोन, खाली फिश. हवी ती चौकट लेन्सखाली आणायला फिश सरकवा, फोन हलवू नका. बटण बोटाने न दाबता तीन सेकंदांचा टायमर लावा. आणि फोकस एकदा जमला की पडद्यावर बोट दाबून धरून तो कुलूपबंद करा, नाहीतर फोन प्रत्येक चौकटीला धूळ बघत बसतो.

यूएसबी मायक्रोस्कोप. याच्या खोक्यावर ‘१००० पट’ लिहिलेलं असतं, ते विसरा. आपल्याला पटी नको, पिक्सेल हवेत. १६०० बाय १२०० पिक्सेलचा खरा सेन्सर असेल तर पूर्ण चौकट एका चित्रात घेतल्यास अक्षराला दहा पिक्सेल मिळतात, अर्धी चौकट आडवी घेतल्यास पंधराच्या आसपास. म्हणजे पानाचे दोन तुकडे करून वाचायचं. माझे वाया गेलेले तीन हजार इथले : घेतला त्याचा खरा सेन्सर ६४० बाय ४८० निघाला, बाकी सगळं सॉफ्टवेअरने फुगवलेलं. घेण्याआधी ‘मूळ रिझोल्युशन किती’ हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. याचा खरा फायदा वेगळाच आहे. मजकूर थेट संगणकाच्या मोठ्या पडद्यावर हलता दिसतो, त्यामुळे पान शोधायला यासारखं दुसरं काही नाही. आई शेजारी बसून चहा पिता पिता वाचू शकली ती या यंत्रावर.

कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स. ज्यांच्याकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे किंवा मित्राकडून चार दिवस मागून आणता येतो, त्यांनी पुढे बघूच नये. २४ मेगापिक्सेलचा साधा एपीएस-सी (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि एकास-एक आकाराचं चित्र देणारी मॅक्रो लेन्स असेल तर मिलिमीटरला सुमारे २५५ पिक्सेल मिळतात. २४ पट फिशवर अक्षराला एकवीस. शिवाय फिशवरची दोन शेजारशेजारची पानं एका फोटोत मावतात. पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात उलट अक्षराला चौदाच मिळतात. महागडा कॅमेरा इथे मागे पडतो, हे गणित केल्याशिवाय पटत नाही. मॅक्रो लेन्स नसेल तर साध्या ५० मिलिमीटर लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावून बरंच जवळ जाता येतं.

माझी मांडणी अशी होती : ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा लावून कॅमेरा खाली तोंड करून, खाली उजेडाचं पॅड, त्यावर काच, फिश आणि खिडकीचा पुठ्ठा. फिशच्या जागी काचेवर एक छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यात बघायचं. आपलीच लेन्स चित्राच्या मधोमध दिसली की कॅमेरा फिशला समांतर आहे. नाहीतर चौकटीची एक बाजू तीक्ष्ण आणि दुसरी धूसर येते. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ ते ८. त्याहून लहान केलं तर इतक्या जवळून अक्षरं मऊ पडतात. फोकस हाताने, पडद्यावर दहा पट मोठं करून, एखाद्या अक्षराच्या काठावर. सीलिंग फॅन बंद. लाकडी माळ्यावर राहत असाल तर घरात कुणी चालत असतानाही फोटो घेऊ नका. हे सगळं एकदा लावून झालं की ९८ चौकटींची फिश तासाभरात होते.

फ्लॅटबेड स्कॅनर. सगळे आधी यावरच झडप घालतात, कारण कागदासाठी घरात असतोच. पण झाकणात दिवा नसलेल्या साध्या स्कॅनरवर फिश नुसती काळी वडी दिसते. झाकणात फिल्मसाठी दिवा असलेला स्कॅनर लागतो, आणि त्यातही दिव्याची रुंदी बघा : एपसनच्या व्ही ६०० मध्ये ती जेमतेम ७ सेंटीमीटर, म्हणजे फिश सरकवत दोनदा स्कॅन करावी लागते, व्ही ८५० मध्ये पूर्ण फिश बसते. खोक्यावर ६४०० डीपीआय (इंचाला ६४०० ठिपके) लिहिलेलं असलं तरी खरी तीक्ष्णता त्याच्या निम्म्याहून कमी. २३०० डीपीआय खरे धरले तर २४ पट फिशवर अक्षराला साताच्या आसपास पिक्सेल. मोठ्या टायपातलं पुस्तक निघेल, पत्र नाही. ४८ पट फिशचा विचारच सोडा. मात्र संपूर्ण फिशचा एक नकाशा म्हणून, कुठल्या चौकटीत काय आहे हे बघायला, एक स्कॅन काढून ठेवावा.

जुनं रीडर यंत्र. मिळालं तर फार सुखाचं, आणि परदेशात ते अजूनही जुन्या सामानाच्या बाजारात मिळतं. तीन गोष्टी विचारा : लेन्स किती पटीची (२४ पट फिशला २४ ची, ४८ ला ४८ ची), दिवा कुठला आणि तो अजून मिळतो का, आणि वीज किती व्होल्टची. शेवटचा प्रश्न मी जुन्या बाजारातून यंत्र उचललं तेव्हा विचारला नव्हता. अमेरिकेतलं ११० व्होल्टचं यंत्र मी आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला लावलं. फट्ट असा आवाज झाला, वास आला आणि दिवाळीआधीच दिवाळी झाली. असं यंत्र चालवायचं तर दिवा आणि पंखा दोन्ही पेलेल असा, निदान ३०० व्हीएचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. हॅलोजनचा दिवा तापतो, म्हणून आतला पंखा फिरतो आहे याची खात्री केल्याशिवाय फिश घालू नका, आणि एकाच चौकटीवर पाच-पाच मिनिटं थांबू नका.

काळ्या-पांढऱ्या फोटोंची डार्करूम कुणाच्या ओळखीत शिल्लक असेल तर एन्लार्जरही चालतो. निगेटिव्हच्या जागी फिश, खाली पांढरा कागद. मजकूर कागदावर उतरतो. चौकट बसवण्यासाठी फिश कापायची मात्र नाही. मोठ्या निगेटिव्हचा एन्लार्जर नसेल तर हा नाद सोडा.

वाचताना

बऱ्याच फिश निगेटिव्ह असतात : काळ्यावर पांढरी अक्षरं. फोटो काढल्यावर गिंप किंवा इरफानव्ह्यू या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग उलटे करता येतात. त्याआधी थेट वाचायचं असेल तर फोनच्या सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘रंग उलटे करा’ हा पर्याय चालू ठेवा; कॅमेरा उघडला की पडद्यावर कागद पांढरा आणि शाई काळी. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली तर फिश पालथी आहे.

उलटे केल्यावर कर्व्ह्‌जमध्ये (चित्राचा उजेड कमीजास्त करायची सोय) काळं थोडं काळं करा आणि कागदाचा करडेपणा उजळवा. शार्पनिंगचा मोह आवरा. जास्त केलं की फिल्मचे दाणे ठळक होतात आणि ‘e’ चा ‘c’ होतो. एक नाव मी दोन दिवस चुकीचं वाचत होतो ते यामुळेच. संशय आला की मूळ, न सुधारलेल्या फोटोकडे परत जा.

आणि फाइलला नाव देताना आळस नको. ‘आयएमजी ४४७१’ सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही. मी फिशचा क्रमांक, ओळ आणि स्तंभ असा क्रम ठेवला : ‘फिश ०४ – डी – ०९’. सोबत एक वही. तिच्यात प्रत्येक चौकटीला एक ओळ : कुणाचं पत्र, कुठून, कुठल्या तारखेचं, नावं कोणती. कोरी चौकट असेल तर ‘कोरी’ असंही लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी तीच परत बघाल. इंग्रज मंडळींनी आपली नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. एकाच माणसाचं नाव एका पत्रात एक, दुसऱ्यात भलतंच. म्हणून वहीत त्यांनी लिहिलेलं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा आणि पुढे कंसात आपला तर्क. मिशनऱ्यांच्या पत्रांत स्थानिक शिक्षकांची नावं बहुतेक वेळा नसतातच, ‘आमचे शाळामास्तर’ एवढंच असतं. नावं मिळाली तर वार्षिक अहवालाला जोडलेल्या याद्यांत मिळतात. पत्रांत बुडण्याआधी त्या याद्या शोधा.

रोल हाती आला तर

फिशऐवजी ३५ मिलिमीटरचा रोल मिळाला तर तो साधारण १०० फूट लांब असतो आणि टेबलावर उलगडला की पुन्हा गुंडाळताना रडू येतं. दोन रिकाम्या चकत्या दोन खुंट्यांवर बसवून, मधल्या काचेवरून फिल्म सरकवत वर सांगितल्यासारखेच फोटो घ्या. ३५ मिलिमीटरच्या रोलवर पान बहुतेक वेळा फिशवरच्या पानापेक्षा मोठं असतं, त्यामुळे साधा कॅमेराही पुरतो. पण रोल लांब आणि चौकटी शेकड्यांनी. परदेशात हे काम करून देणारे व्यावसायिक आहेत, आणि पूर्ण रोल असेल तर मी त्यांनाच देईन.

जपणूक

फिश कडेला धरा. धूळ काढायला कॅमेऱ्याचा रबरी फुगा किंवा मऊ ब्रश. फडकं नाही, फुंकर नाही (फुंकरीबरोबर थुंकी उडते), ओला टिश्यू तर नाहीच. प्रत्येक फिश वेगळ्या कागदी खिशात, पीव्हीसीच्या प्लास्टिकमध्ये नाही. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात बुरशी येते. हवाबंद डब्यात निळ्या दाण्यांच्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या गुलाबी झाल्या की बदला. फोटो स्वतःच्या अभ्यासासाठी आहेत. पूर्ण फिश इंटरनेटवर टाकण्याआधी तिचे हक्क कुणाचे ते बघा.

आमच्या चौथ्या फिशच्या डी ९ मध्ये बेळगावच्या शाळांची एक यादी निघाली. पाचव्या ओळीतलं नाव आमचं आडनाव असू शकतं. एक अक्षर फिल्मवरच्या डागाखाली गेलंय, आणि कितीही पिक्सेल दिले तरी डाग डागच राहतो. इथे घरचं काम संपतं. मिशनचे मूळ कागद पेटी, फोल्डर आणि जॅकेट अशा तीन पातळ्यांवर लावलेले आहेत, आणि ते तिन्ही आकडे फिशच्या वरच्या पट्टीवर आणि पत्राच्या सुरुवातीच्या चौकटीत होते. ते, पत्राची तारीख, आणि डाग कुठे आहे ते दाखवणारा आमचा फोटो, असं सगळं ईमेलने लंडनच्या ग्रंथालयाला पाठवलं आहे. त्या एका पानाचा मूळ कागदावरून नवा फोटो हवा, एवढीच विनंती. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “अरे, तुझ्या काकांनी पाकिटावर प्रश्नचिन्ह का काढलं होतं, ते मला आत्ता कळलं.”